आजारातून उठलेल्यासाठी स्नॉर्केलिंगचं सामान: पूर्ण चेहऱ्याचा मास्क नको, साधी नळी घ्या

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत, नळीने श्वास घेत खालचं जग बघणं. बेटावर त्याचं सामान भाड्याने मागितलं की बहुतेक ठिकाणी हातात पडतो तो पूर्ण चेहरा झाकणारा मास्क. तोंडात काही धरायचं नाही, नाकाने नेहमीसारखा श्वास घ्यायचा, समोर मोठी काच. नुकत्याच आजारातून उठलेल्याला हाच सोयीचा वाटतो. आमचं मत उलट आहे. न्यूमोनिया, डेंगी, टायफॉइड किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर दम अजून पुरता भरलेला नसेल, तर हा मास्क घेऊ नका. दोन काचांचा साधा मास्क, वरचं तोंड उघडं असलेली वाकडी नळी आणि फुगवायचं स्नॉर्केल व्हेस्ट घ्या.

कारण साध्या हिशेबात आहे. शांत असलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलि हवा घेतो. त्यातली १५० मिलि घसा आणि श्वासनलिकेतच राहते, ती कामाला येत नाही. आता त्यात नळी जोडा. युरोपीय मानकाप्रमाणे प्रौढांच्या नळीची लांबी ३८ सेंमीपेक्षा आणि आतली जागा २३० मिलिपेक्षा जास्त चालत नाही. नळी २०० मिलिची धरली, तर ५०० पैकी ताजी हवा उरते फक्त १५० मिलि, बाकी आपलाच सोडलेला श्वास परत आत जातो. म्हणून नळीतून सावकाश आणि खोल श्वास घ्यायचा असतो. अशक्त माणूस नेमका उथळ आणि भराभर श्वास घेतो, आणि मग धाप लागते. त्यात भर म्हणजे पाण्यात पडल्यावर पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि छातीवर पाण्याचा दाब येतो. नुसतं तरंगतानाही हृदय आणि फुफ्फुसांना जमिनीवरच्यापेक्षा जास्त काम पडतं.

पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये हवा डोळ्यांसमोरच्या भागातून येते, छोट्या एकेरी झडपांतून नाक-तोंडाच्या कप्प्यात जाते आणि उच्छ्वास कडेच्या मार्गांनी वर नळीत निघून जातो. रचना चांगली आहे, पण तो आतला कप्पा चेहऱ्याला घट्ट बसला तरच. आजारात गाल बसतात, हनुवटीजवळची कातडी सैल पडते. हनुवटीपासून नाकाच्या मुळापर्यंत मोजून घेतलेलं माप बरोबर असूनही कप्प्याला फट राहते. मग सोडलेली हवा वर डोळ्यांपाशी मिसळते आणि तीच पुन्हा आत घेतली जाते. खूण सोपी आहे: डोळ्यांसमोरची काच धुक्यासारखी भरू लागली, तर उच्छ्वास वर गळतोय असं समजा. डोकं जड होणं ही पुढची पायरी, तिची वाट पाहू नका. दुसरा दोष म्हणजे घाबरल्यावर नळी तोंडातून थुंकून टाकावी तसा हा मास्क टाकता येत नाही. हनुवटीखालून धरून वर ओढावा लागतो आणि हातांत जोर नसेल तर पट्टे आडवे येतात. नाक चिमटीत धरून कानांचा दाब मोकळा करता येत नाही, म्हणून त्यात खाली बुडीही मारायची नसते. तरीही घ्यायचाच असेल, तर किनाऱ्यावर बसून डोळे मिटून पाच वेळा काढून बघा. एकदाही अडखळलात तर परत द्या.

नळ्यांमध्येही निवड आहे. टोकाला तरंगता गोळा असलेली ‘ड्राय’ नळी पाणी आत येऊ देत नाही म्हणून विकली जाते. पण लाट आली की गोळा वर जाऊन तोंड बंद होतं आणि नेमका त्याच क्षणी श्वास आत ओढला जात असेल, तर हवा एकदम अडते. वाळूचा कण अडकला की गोळा उघडतही नाही. दम कमी असलेल्याला हा धक्का नको. तळाशी झडप असलेली नळी चालेल, पण ती झडप आधी बघून घ्या. बोटाच्या पेराएवढी पातळ रबरी चकती असते. तिच्या कडेखाली वाळूचा एकच कण बसला तरी प्रत्येक श्वासाबरोबर घोटभर खारं पाणी तोंडात येतं. गोड्या पाण्यात बुडवून बोटाने हलकेच उचलून सोडा. चकती सपाट बसली पाहिजे. सगळ्यांत उत्तम म्हणजे आत काहीही नसलेली, रुंद भोकाची नळी. पाणी शिरलं तर जोरात ‘थू’ करून फुंकायचं. ते जमत नसेल तर पाण्यात उतरण्याइतकी ताकद अजून आलेली नाही.

मास्क बसतो का हे पट्टा न लावता बघतात. चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. केस किंवा दाढी सिलिकॉनच्या झालरीखाली आली तर पाणी झिरपणारच. पट्टा करकचून आवळला तर झालर मुडपते आणि उलट जास्त गळते.

व्हेस्ट तोंडाने फुगवतात. ते काम सोबतच्या माणसाकडून किनाऱ्यावरच करून घ्या, आजाऱ्याचा दम त्यात घालवू नका. अर्धं फुगलेलं पुरतं. पूर्ण फुगवलं तर छाती वर येते, पाय खाली जातात आणि तोंड पाण्यात ठेवायला मान सारखी दाबावी लागते. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायलाच हवा. हे लाईफ जॅकेट नाही, बोटीच्या प्रवासात वेगळं घाला. फिन्स, म्हणजे पायात घालायची पोहण्याची पाती, आखूड घ्या, लांब पात्यांनी अशक्त पोटऱ्यांत गोळे येतात.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचतं. वजन घटलेल्या शरीराला २७ अंशांचं पाणीही गार लागतं. ३ मिमी जाडीचा, पूर्ण बाह्यांचा वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) घ्या, पण छातीवर आवळणारा नको आणि चेन पुढे असलेला बघा. मलेरिया प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ऊन लवकर भाजतं, त्यालाही हाच सूट कामी येतो. उघड्या भागाला झिंक ऑक्साइडचं मलम लावा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने १ जानेवारी २०२१ पासून प्रवाळांसाठी बंद केली, तेव्हा डबीवरची नावं वाचून घ्या. पाण्यात राहिल्याने लघवी वाढते, म्हणून आधी आणि नंतर पाणी प्या. अतिसारातून उठला असाल तर ओआरएस.

पहिल्या दिवशी कमरेएवढ्या, शांत पाण्यात ५ मिनिटं. दुसऱ्या दिवशी १५ ते २०. थंडी वाजली किंवा बोलताना वाक्य तुटू लागलं की बाहेर. ताप, सर्दीने बंद कान, कानातून पाणी येणं, ओली जखम असेल तर अजिबात नाही, आणि हृदय वा फुफ्फुसाचा आजार होता तर डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय मुळीच नाही.

आणि जे दिसतं ते याच पद्धतीने जास्त दिसतं. पाय न मारता प्रवाळाच्या कडेला निपचित तरंगत राहा. काही मिनिटांत बुजलेले मासे परत येतात. पोपट मासा चोचीने प्रवाळ खरवडतो त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो, मागे पांढऱ्या वाळूची धूळ सोडत जातो. समुद्रकासव दिसलं तर त्याच्या वर जाऊ नका, बाजूला राहा. त्याला श्वासासाठी वर यायचं असतं आणि वर सावली दिसली की ते वळून निघून जातं. वाट मोकळी ठेवली तर ते हळू वर येतं, डोकं बाहेर काढून एक जोरदार श्वास घेतं आणि परत आपल्या गवताकडे जातं.

पाण्याबाहेरचे तास मात्र जास्त असतील, त्यामुळे दुर्बिणीवरही तितकाच विचार करा. १०×४२ टाळा (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत). हात थरथरत असतील तर दहापट मोठं दिसताना थरथरही दहापट दिसते. ८×३२ वजनाला हलकी आणि दिवसाउजेडी पुरेशी तेजस्वी असते. आत नायट्रोजन भरलेली, जलरोधक घ्या, नाहीतर खाऱ्या हवेत काचा आतून धूसर होतात. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर बसणारा पट्टा लावा, मान दुखत नाही. ओहोटी सुरू झाल्यावर सावलीत खुर्ची टाका, कोपरं गुडघ्यांवर टेकवा. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, एकच नांगा भलामोठा असलेले खेकडे आणि पाण्यात सूर मारणारे सुरय पक्षी तासभर जागेवरून न उठता बघता येतात.