कार्बन जमिनीखाली जिरवायचा आहे : परवाना ईपीएचा की राज्याचा?

अमेरिकेत कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड कायमचा जमिनीखाली जिरवायचा तर 'क्लास सहा' विहिरीचा परवाना लागतो. बहुतेक राज्यांत तो ईपीए ही केंद्रीय पर्यावरण संस्था देते. नॉर्थ डकोटाने २०१८ मध्ये, वायोमिंगने २०२० मध्ये आणि लुइझियानाने २०२४ मध्ये हा अधिकार स्वतःकडे घेतला. पिण्याच्या पाण्याच्या रक्षणाचे नियम राज्याला केंद्रापेक्षा सैल ठेवता येत नाहीत. मग फरक पडतो कुठे?

सगळ्यांची नजर आधी वेगावर जाते, आणि तिथे नॉर्थ डकोटा उजवं ठरतं. रिचर्डटनच्या रेड ट्रेल एनर्जी या इथेनॉल कारखान्याने २०२१ च्या सुरुवातीला अर्ज केला आणि ऑक्टोबरमध्ये मंजुरी हातात पडली. पुढच्या जूनपासून सुमारे १,९५० मीटर खोल ब्रूम क्रीक थरात वायू सोडणं सुरू झालं. ईपीएकडे मात्र वर्षानुवर्षं फाइल पडून राहू शकते.

तरी माझ्या मते वेगाला अवाजवी भाव दिला जातो. कार्बन जिरवल्याबद्दल कंपनीला केंद्राची करसवलत मिळते १२ वर्षं, जबाबदारी त्याहून खूप लांबते. ईपीएच्या नियमात वायू सोडणं थांबल्यावर साधारण ५० वर्षं देखरेख धरलेली आहे. धोका उरला नाही हे पुराव्याने दाखवलं तर ती कमी होते. नॉर्थ डकोटात किमान १० वर्षांनी, वायोमिंगमध्ये किमान २० वर्षांनी साठ्याची मालकी आणि जबाबदारी राज्य घेऊ शकतं. लुइझियानातही आधी १० वर्षं होती, २०२३ च्या कायद्याने ५० केली. तिथे २०२५ मध्ये गव्हर्नरांनी नवे अर्ज घेणंच थांबवलं. म्हणजे आजचं कलम उद्या टिकेलच असं नाही.

देखरेख कागदापुरती नसते, हे डिकेटरने दाखवलं. इलिनॉयमधल्या त्या प्रकल्पात देखरेखीच्याच विहिरीतून वायू परवानगी नसलेल्या थरात गेल्याचं २०२४ मध्ये उघड झालं.

जमीनमालकांचा मुद्दा थोडक्यात: नॉर्थ डकोटात ६० टक्के मालक राजी झाले की उरलेल्यांच्या जमिनीखालच्या खडकातली जागाही मोबदला देऊन घेता येते. कंपनीला हे सोयीचं. तुम्ही त्या उरलेल्यांपैकी असाल तर सही करण्याआधी वकील गाठा, आणि साठा राज्याकडे गेल्यावर गळती झाली तर कंपन्यांकडून टनामागे गोळा केलेल्या राज्याच्या निधीतून तुम्हाला भरपाई मिळेल का, हे लेखी विचारा.