कोबोटूलबॉक्स: बालपोषण सर्वेक्षणाचा फॉर्म बांधताना

कागदावर प्रश्नावली भरायची, गठ्ठे तालुक्याला आणायचे आणि महिनाभराने डेटा एंट्रीला बसायचे, ही पद्धत मोठ्या सर्वेक्षणांनी केव्हाच सोडली. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते, त्याच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) मुलाखती थेट छोट्या संगणकांवर नोंदवल्या गेल्या. तेवढा पैसा आणि मनुष्यबळ नसलेल्या संस्थेने, वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनआरोग्य विभागाने किंवा प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्याने काय वापरावे? एका भेटीत संपणाऱ्या घरोघरच्या सर्वेक्षणासाठी आमचे उत्तर कोबोटूलबॉक्स. ओडीके या मुक्तस्रोत प्रणालीवर उभे राहिलेले, हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातून आलेले, फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करण्याचे हे साधन लहान कामासाठी फुकट वापरता येते आणि फोनला रेंज नसतानाही चालते. जव्हार-मोखाड्याच्या किंवा धडगावच्या पाड्यांवर ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची.

फॉर्म दोन तऱ्हांनी बनतो. संकेतस्थळावरच्या फॉर्म बिल्डरमध्ये प्रश्न एकाखाली एक जोडत जायचे, किंवा एक्सेलमध्ये एक्सएलएसफॉर्म लिहून तो चढवायचा. पंधरा-वीस प्रश्नांपर्यंत पहिली तऱ्हा ठीक आहे. त्यापुढे एक्सेलच धरावे. त्यात तीन पाने असतात: एकावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय, तिसऱ्यावर फॉर्मची माहिती. प्रत्येक प्रश्नाची एक ओळ, आणि त्या ओळीत प्रकार, सांकेतिक नाव, मराठी मजकूर, सूचना, अट, मर्यादा आणि मर्यादा मोडल्यावर दिसणारा संदेश. अख्खी प्रश्नावली एका दृष्टिक्षेपात दिसते, सहकाऱ्याला तपासायला देता येते. मराठी, इंग्रजी आणि हवी तर पावरी किंवा कोरकू अशा भाषांचे स्वतंत्र स्तंभ ठेवले की कार्यकर्तीला फोनवर भाषा बदलता येते. सांकेतिक नावे मात्र इंग्रजी लिपीत, जागा न सोडता, छोटी ठेवावीत, म्हणजे पुढे विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये अडचण येत नाही. कधी कधी सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात आणि मग अट चालत नाही. फॉर्म चढताना चूक दाखवली तर आधी तेच पाहावे.

सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलांचे वजन, उंची आणि दंडघेर नोंदवणारा फॉर्म घेऊ. पहिली कसोटी वयाची. माता-बाल संरक्षण कार्डावरून जन्मतारीख घ्यायची, ती आणि भेटीची तारीख यांतल्या दिवसांना ३०.४३७५ ने भागायचे आणि पूर्णांक ठेवायचा, की पूर्ण झालेले महिने मिळतात. इथे बहुतेक फॉर्म ‘आजची तारीख’ हे फंक्शन वापरतात आणि फसतात. अर्धवट राहिलेला फॉर्म चार दिवसांनी उघडला की ‘आज’ बदलतो आणि मुलाचे वयही बदलते. म्हणून भेटीची तारीख हा वेगळा प्रश्न ठेवावा आणि वय त्यावरूनच काढावे. तारीख कुठून मिळाली, कार्डावरून की आईच्या आठवणीवरून, हेही विचारावे. सण, पेरणी, भाताची लावणी यांच्या आधाराने सांगितलेल्या वयाचा दर्जा वेगळा असतो.

दुसरी कसोटी मर्यादांची, आणि फॉर्म खरा इथेच घडतो किंवा बिघडतो. दंडघेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा असेल तर ७ ते २२ एवढी मर्यादा घातली की मिलिमीटरमधला १२५ आत जाणार नाही. संदेशात नुसते ‘चुकीचे उत्तर’ न लिहिता ‘सेंटीमीटरमध्ये लिहा, उदा. १२.४’ असे लिहावे. पण कोबोची मर्यादा ताठर आहे. आकडा बाहेर गेला की कार्यकर्ती पुढे सरकूच शकत नाही. समजा, वजनाची मर्यादा वयाप्रमाणे घट्ट केली आणि तीन वर्षांच्या मुलाला किमान ९ किलो ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ३६ महिन्यांच्या मुलग्याचे मध्यक वजन १४.३ किलो आणि उणे तीन प्रमाण विचलनाची रेषा, म्हणजे जिच्याखाली वजन अतितीव्र कमी धरतात ती, १० किलो आहे. अतितीव्र कमी वजनाचे मूल ८.२ किलोचे असू शकते. उन्हात ताटकळलेली कार्यकर्ती शेवटी ९ लिहील आणि ज्या मुलाला शोधायला सर्वेक्षण निघाले तेच मूल आकड्यांतून निसटेल. म्हणून ताठर मर्यादा सैल ठेवावी: वजन ३ ते ३० किलो, उंची ४५ ते १३० सेंटीमीटर. संशयास्पद आकड्यासाठी एक जास्तीचा प्रश्न लपवून ठेवावा, जो आकडा नेहमीच्या पट्ट्याबाहेर असेल तरच उगवेल: ‘वजन ८.२ किलो. पुन्हा मोजून पाहिले का?’ सौम्य इशारा देण्याची सोय कोबोत मुळातच हवी होती. अमेरिकी जनगणना विभागाच्या सीएसप्रो या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर्क आपणच लिहायचा असतो, त्यामुळे हे काम जास्त मोकळेपणाने होते.

मर्यादा रिकाम्या उत्तराला लागत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळते. उत्तर आलेच पाहिजे असेल तर ‘अनिवार्य’ ही खूण वेगळी करावी लागते. पण अनिवार्य केलेल्या मोजमापाला बाहेर पडायची वाटही द्यावी: ‘मोजता आले का? नाही तर कारण.’ ९९ किंवा ९९.९ लिहून ‘मोजले नाही’ दाखवण्याची जुनी कागदी सवय इथे आणू नये. तो आकडा एकदा सरासरीत शिरला की काढताना घाम फुटतो.

दोन वर्षांखालचे मूल झोपवून आणि त्यावरचे उभे करून मोजायचे असते. प्रत्यक्षात रडणाऱ्या मुलाबरोबर जमेल तसे मोजले जाते, म्हणून ‘कसे मोजले’ हा प्रश्न ठेवावाच. झोपवून आणि उभे मोजण्यातल्या फरकासाठीची ०.७ सेंटीमीटरची दुरुस्ती फॉर्ममध्ये नको, विश्लेषणाच्या वेळी करावी, म्हणजे मूळ आकडा शाबूत राहतो. झेड-स्कोअर, म्हणजे मुलाचे मोजमाप मध्यकापासून किती प्रमाण विचलन दूर आहे तो आकडा, कोबो काढून देत नाही. त्यासाठी डेटा जागतिक आरोग्य संघटनेच्या डब्ल्यूएचओ अँथ्रो या सॉफ्टवेअरमध्ये न्यावा लागतो.

मोबाइल क्रमांकाची गंमत वेगळीच. पूर्णांकाच्या रकान्यात ॲप नऊच आकडे घेते, आपले दहा. हा प्रश्न मजकूर प्रकारचा ठेवून फक्त आकड्यांचा कीबोर्ड द्यावा आणि दहा आकडे, पहिला ६ ते ९, अशी मर्यादा घालावी.

गावाचे नाव कधीही टाइप करायला लावू नये. जिल्हा निवडला की त्याचेच तालुके, तालुका निवडला की त्याचीच गावे, अशी साखळी एक्सेलमध्ये गाळणीच्या एका स्तंभाने होते. सांकेतिक नाव म्हणून २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी ग्रामक्रमांक वापरावा. यादी हजारो गावांची असेल तर ती पर्यायांच्या पानावर न ठेवता वेगळ्या सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या) फाइलमध्ये जोडावी, नाहीतर स्वस्तातला फोन फॉर्म उघडतानाच अडखळतो. पाड्यांना जनगणनेत स्वतंत्र क्रमांक नसतो, त्यांची यादी आशाताईंना विचारून आधीच करावी लागते.

सर्वेक्षण सुरू झाल्यावर फॉर्म बदलणे हा सर्वांत महाग प्रकार. प्रश्नाचा मराठी मजकूर सुधारला तर बिघडत नाही, पण सांकेतिक नाव बदलले की निर्यातीत, म्हणजे उतरवून घेतलेल्या डेटात, तो नवा स्तंभ होतो आणि एकाच प्रश्नाची उत्तरे दोन ठिकाणी विभागतात. शिवाय नवी आवृत्ती प्रत्येक फोनवर पोचल्याची खात्री करावी लागते. रेंजबाहेरचा फोन जुन्याच फॉर्मवर भरत राहतो. म्हणून आधी किमान वीस-तीस घरांत चाचणी घ्यावी, त्याची निर्यात करावी आणि विश्लेषणाचा एक तक्ता प्रत्यक्ष काढून पाहावा.

निर्यात बरी आहे, पण दोन खड्डे आहेत. घरातल्या प्रत्येक मुलासाठी तेच प्रश्न पुन्हा विचारणारा पुनरावृत्ती गट ठेवला असेल तर एक्सेलमध्ये मुलांचे वेगळे पान मिळते, ते घराच्या क्रमांकाने जोडून घ्यायचे. सीएसव्हीत हा गट येतच नाही. आणि सीएसव्हीत स्तंभ स्वल्पविरामाने नव्हे, अर्धविरामाने वेगळे केलेले असतात.

कागदावर भरलेले फॉर्म दोघांकडून स्वतंत्रपणे टाइप करून जुळवायचे असतील तर कोबो नको, अशा दुहेरी नोंदणीची सोय इथे नाही. तेच मूल सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे असेल तरी जोडणीचे कष्ट आपल्याच अंगावर पडतात. आयफोनवर ॲप नाही, ब्राउझरमधला फॉर्म वापरावा लागतो, आणि त्या ब्राउझरची साठवण कोणी साफ केली तर न पाठवलेल्या नोंदी जातात. अँड्रॉइडवरही ॲप काढून टाकले की तेच होते. रोज संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर प्रत्येक फोनवर पाठवायच्या नोंदी शून्य झाल्या का, हे पर्यवेक्षकाने स्वतः पाहावे आणि त्या दिवशी भेट दिलेल्या घरांच्या आकड्याशी सर्व्हरवरचा आकडा ताडून घ्यावा.