लिलाव जिंकून गिऱ्हाईक पळालं: थांबायचं, दुसऱ्याला द्यायचं की परत लावायचं?

परवा चाळीसगावहून मावसभावाचा फोन, आवाजावरूनच कळलं काहीतरी बिनसलंय. एचएमटी पायलट घड्याळ, काळा डायल, ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर सात दिवसांचा लिलाव लावलेला, ७९ डॉलरला गेलं, घरात फक्त पेढे वाटायचे बाकी होते आणि दुसऱ्याच दिवशी घेणाऱ्याचा मेसेज: सॉरी, घरी विचारलं नव्हतं, कॅन्सल करा. आता काय करू भो?

मी जळगावातून जुनी घड्याळं विकतो, माझ्याकडे हे इतक्यांदा झालंय की आता राग पण येत नाही. आपल्याकडे रावेर-सावद्याला भाव ठरवून गेलेला व्यापारी बाजार पडला की फोन उचलत नाही, तेव्हा शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो कारण घड कापून झालेला असतो, केळी थांबत नाही. घड्याळ थांबतं. बंद पडलेलं तर जास्तच थांबतं. त्यामुळे पहिल्या रात्री काहीच करू नको, जेवून झोप.

आता पहिला फाटा. तो स्वतःहून नाही म्हणाला की नुसताच गप्प बसलाय? गप्प असेल तर पैसे भरायला त्याला चार दिवस असतात, तेवढे होऊ द्यायचे, एक साधा आठवणीचा मेसेज टाकायचा आणि पाचव्या दिवशी 'खरेदीदाराने पैसे भरले नाहीत' या कारणाने ऑर्डर कॅन्सल. म्हणजे त्याच्या नावावर ती नोंद लागते आणि ईबेने कापलेलं कमिशन तुला परत मिळतं. त्याने सरळ कॅन्सल मागितलं असेल तर 'खरेदीदाराने विनंती केली' हे कारण टाकून मोकळं व्हायचं, कमिशन तिथेही परत येतं, फक्त त्याला डाग लागत नाही. मी मागणाऱ्याला लगेच सोडतो, कारण जबरदस्तीने घ्यायला लावलेलं घड्याळ बहुतेक वेळा काहीतरी खोट काढून परत येतं आणि मग पोस्टाचा खर्च आपल्या बोडक्यावर. एक मात्र लक्षात ठेव, घाईत 'माल शिल्लक नाही' हे कारण निवडू नको, तो ठपका विकणाऱ्यावर बसतो. आणि वाईट शेरा देऊन उट्टं काढायचं डोक्यात असेल तर विसर, २००८ पासून विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा देताच येत नाही.

खरी गंमत इथून पुढे. दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला सेकंड चान्स ऑफर पाठवता येते, लिलाव संपल्यापासून ६० दिवसांपर्यंत, वेगळी लिस्टिंग फी नाही. सगळ्यांना हा सोपा मार्ग वाटतो, पण आधी बोल्यांची यादी उघडून बघ. मावसभावाच्या केसमध्ये दुसऱ्याची बोली ७८ होती आणि तिसरा ४१ वरच थांबलेला. ईबेवर आपण कमाल आकडा टाकून ठेवतो, भाव मात्र मागच्या बोलीपेक्षा जेमतेम वर चढतो, म्हणजे पळालेला माणूस लिलावात नसताच तर दुसऱ्याला हेच घड्याळ ४२ ला मिळालं असतं. आता ऑफर जाते ती त्याच्या कमाल बोलीला, म्हणजे ७८ ला. तो काय दूधखुळा आहे का? त्याला वाटणार विकणाऱ्याने स्वतःचाच माणूस घुसवून भाव चढवला, फसला म्हणून आता माझ्या गळ्यात मारतोय. तू धुतल्या तांदळासारखा असशील, पण समोरून तसंच दिसतं. हेच तिसऱ्याची बोली ७५ ला असती तर मी डोळे मिटून ऑफर पाठवली असती, कारण तेव्हा ७८ हा खरा भाव आहे हे त्यालाही दिसतं.

परत लिलाव लावायचा म्हटलं तर बघणारे तेच असतात, एचएमटीच्या नादी लागलेले लोक एकमेकांना ओळखतात, हे घड्याळ परत का आलं म्हणून भुवया उंचावतात. त्यात डायल नवीन रंगवलेला असेल आणि तू ते लिहिलं नसेल तर संपलंच. (तसं असेल तर पळणाऱ्याची चूकच नाही, आधी वर्णन दुरुस्त कर.) परत लिलाव मी फक्त फोटो बदलून, महिनाभर थांबून आणि पहिल्या वेळी चार-पाच जण खरंच भिडले असतील तरच लावतो.

त्यापेक्षा मला आवडतो तो फिक्स किमतीचा रस्ता, 'पैसे लगेच भरा' हे चालू ठेवून. पैसे आल्याशिवाय विक्रीच होत नाही, पळायला जागा नाही. तोटा एवढाच की लिलावातली चुरस गेली, ७९ च्या जागी ६० मिळतील आणि कदाचित दोन महिने लागतील.

कोर्टाचं पण विचारत होता. कायद्याने करार मोडला तर नुकसानभरपाई मागता येते, १८७२ च्या करार कायद्यात कलम ७३ आहे, पण ७९ डॉलरसाठी परदेशातल्या माणसाच्या मागे? वकिलाच्या पहिल्या चहातच हिशोब संपेल. ग्राहक आयोग तर घेणाऱ्यासाठी असतो, आपण विकणारे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नाणी-घड्याळांचे लिलाव चालतात तिथे वेगळं, तिथे मागे सिस्टिम काही नाही, ॲडमिनने ग्रुपमधून काढलं की विषय संपला. तिथे मी बोलीच्या आधी थोडं टोकन घेतो, पाचशेच्या मालाला पन्नास का असेना. लोक कुरकुरतात, पण कुरकुरणारेच बहुतेक पळणारे निघतात.

मावसभावाला मी सांगितलं, कॅन्सल मान्य कर, दुसऱ्याला ७८ ची ऑफर पाठवू नको, ६२ ला फिक्स लाव आणि वर्षभरात दोन वेळा पैसे बुडवलेल्यांना अडवायची सेटिंग आहे ती चालू कर. त्याने ऐकलं अर्धंच. ऑफर पाठवली, तीन दिवसांची, उत्तर आलं नाही, मग फिक्स लावलं. आता रोज सकाळी विचारतो, कोणी बघितलं का रे.