चक्रीय प्रकल्पाची मोजदाद: तयार डॅशबोर्ड की स्वतःचा ताळेबंद?

पंचायतीची सुक्या कचऱ्याची शेड असो, हॉटेलांच्या ओल्या कचऱ्याचे खत असो की बचतगटाचा जुन्या साड्यांच्या पिशव्यांचा उद्योग, चक्रीय अर्थव्यवस्थेच्या, म्हणजे वस्तू आणि माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवण्याच्या, नावाने पैसे मंजूर झाले की पाठोपाठ देखरेख आणि मूल्यमापनाचा तक्ता मागितला जातो. मग दोन वाटा समोर येतात. वर्गणी भरून तयार डॅशबोर्ड घ्यायचा: फोनवर नोंदी, रंगीत आलेख आणि शेवटी 'इतके टक्के कचरा वळवला', म्हणजे कचराभूमीत जाऊ दिला नाही, असा एक आकडा. नाहीतर स्वतःचा ताळेबंद मांडायचा: आवक, जावक, शिल्लक, घट, आणि वर्षातून दोनदा कचरा पसरून केलेली तपासणी. गोव्यात आधी बारदेशात आणि नंतर डिचोलीकडे शेडच्या कामात मी दोन्ही वापरून पाहिले. माझा कल कुणीकडे आहे ते पुढे कळेलच, पण डॅशबोर्ड ज्यांच्या खरोखर उपयोगाचा आहे त्यांचे आधी सांगतो.

पैसे देणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर फार वाद घालू नये. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल सक्तीचा केला आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या बीआरएसआर कोअर या त्यातल्या निवडक मुद्द्यांच्या संचात चक्रीयता आणि कचरा हा स्वतंत्र विषय आहे. तिथल्या माणसाला मार्चअखेर ठरलेल्या साच्यात आकडा हवा असतो, तुमच्या वहीचे फोटो नकोत. कळंगुट-कांदोळी पट्ट्यात पाच-सहा स्वयंपाकघरे चालवणाऱ्या हॉटेलालाही डॅशबोर्ड सोयीचा. तिथली माणसे दर हंगामाला बदलतात. नव्या मुलाला चित्र दाबून वजन टाकायला शिकवणे सोपे, वहीतले रकाने समजावणे कठीण. शिवाय नोंदीसोबत फोटो आणि वेळ आपोआप चढते, त्यामुळे 'गाडी आलीच नव्हती' छापाची भांडणे मिटतात. या बाबतीत वही मागे पडते, हे मान्यच.

गुणांकांबद्दल थोडक्यात. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन आणि ग्रँटा डिझाइन यांनी २०१५ मध्ये आणलेला चक्रीयता निर्देशांक शून्य ते एक यांच्यात उत्तर देतो. किती नवा कच्चा माल लागला, किती कायमचा वाया गेला, वस्तू किती काळ टिकली, या तीन गोष्टींवर तो उभा आहे. तो वस्तूसाठी किंवा ती बनवणाऱ्या कंपनीसाठी आहे. पंचायतीच्या शेडला लावला तर उत्तर येते, अर्थ येत नाही. चक्रीयता मोजण्यासाठीच्या २०२४ च्या आयएसओ ५९०२० या आंतरराष्ट्रीय मानकाचे मला जास्त पटते. आधी सीमा आखा, मग आत काय येते आणि बाहेर काय जाते ते मोजा, असा त्याचा गाभा आहे. म्हणजे नाव मोठे असले तरी पोटात ताळेबंदच.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी डॅशबोर्ड सोडला तिच्याकडे येतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल.

शेडवर पुठ्ठा येतो तेव्हा आपण तो आपल्या काट्यावर तोलतो. तेच वजन डॅशबोर्डमध्ये 'वळवला' म्हणून चढते. माल गाठी बांधून पडून राहतो, गाडी भरण्याइतका झाला की खरेदीदार उचलतो, त्याच्याकडच्या काट्यावर पुन्हा तोल होतो. मग तो ओलावा आणि घाण यांचा कट लावतो, म्हणजे तेवढे वजन वजा करतो. त्याची पावती हातात पडेपर्यंत कधी दोन आठवडे जातात, कधी महिना. आणि आम्ही वापरत होतो तो डॅशबोर्ड दर महिन्याच्या पाच तारखेला मागचा महिना बंद करून टाकायचा. कुलूप. पावती आली की तिच्यासाठी जागाच नाही. मदत कक्षाला विचारले तर पुढच्या महिन्यात समायोजन करा म्हणाले. समायोजन करायला गेलो तर रकाना उणे आकडा घेईना. तक्रार केली, नम्र उत्तर आले, रकाना तसाच राहिला.

उन्हाळ्यात हे खपून जाते, कारण दोन वजनांत फारसे अंतर नसते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जूनपासून पुठ्ठा पाणी पितो, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या घड्यांत पाणी साचते, गोण्या उचलताना दोन माणसे लागतात. डॅशबोर्डला काय, किलो म्हणजे किलो. पर्यटक औषधालाही नसलेल्या गावात जुलैचा आलेख मेच्या वर गेला आणि पैसे देणाऱ्यांकडून अभिनंदनाचा मेल आला. आम्ही पावसाचे पाणी वळवत होतो.

काटेकोर हिशोब पुढच्या महिन्यात जुळवता येईल असे कुणी म्हणेल. खरा मुद्दा वेगळा आहे. आपले वजन आणि खरेदीदाराचे वजन यांतला फरक हाच मला सगळ्यात बोलका आकडा वाटतो. त्या फरकात पाऊस असतो, घरातले वर्गीकरण किती घाणेरडे आहे ते असते, खरेदीदाराचा हात किती सैल आहे ते असते, आणि शेडच्या मागे गुपचूप टाकलेला नाकारलेला मालही असतो. वहीत 'फरक' असा एक रकाना आखला आणि वाडा-वाडाप्रमाणे लिहायला लागलो, तेव्हा एका वाड्याचा फरक कायम जास्त निघाला. जाऊन पाहिले तर तिथे गोण्या गाडी येईपर्यंत उघड्यावर, गटाराच्या कडेला ठेवल्या जात होत्या. चार पत्रे टाकून आडोसा केला, फरक डोळ्यांना दिसण्याइतका कमी झाला. ही सुधारणा कुठल्याही आलेखात आली नसती. आली असती तर उलट वळवलेला कचरा घटला म्हणून लाल बाण दिसला असता.

सगळेच डॅशबोर्ड असे नसतील. एखाद्यात जुना महिना उघडण्याची सोय असेलही. मी वापरला त्यात नव्हती, एवढेच म्हणतो.

ताळेबंदाचे काम तसे साधे आहे: आवक म्हणजे जावक अधिक शिल्लक अधिक घट. पण जावक एका रकान्यात कोंबायची नाही, हे पथ्य. गोव्यातले कमी किमतीचे प्लास्टिक, वेफर्सची चकचकीत पाकिटे वगैरे, कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाते. कचराभूमीत पडण्यापेक्षा ते बरेच, याबद्दल वाद नाही. पण ते जळून जाते, पुन्हा पाकीट होऊन येत नाही. प्लास्टिकबाबतच्या २०२२ च्या उत्पादक-जबाबदारी नियमांतही सिमेंट भट्टीला पुनर्चक्रणापासून वेगळे ठेवले आहे. डॅशबोर्डवर मात्र दोन्ही 'वळवला' या एकाच हिरव्या पट्टीत बसतात. वहीत मी तीन जावक ठेवतो: पुन्हा वापरले, पुनर्चक्रणाला गेले, भट्टीला गेले. बैठकीत तिसऱ्या रकान्यावर प्रश्न येतात, आणि ते यायलाच हवेत.

घट म्हणजे नेहमी गळती नव्हे, हेही पैसे देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. ओल्या कचऱ्याचे खत होताना पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून वजन निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरते. साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पासारख्या ठिकाणी त्यातला काही भाग बायोगॅस होतो. गावच्या खतखड्ड्यात तो हवेत जातो. कुणी नवखा लेखापरीक्षक आला तर त्याला खत कुठे गेले असा संशय येतो.

पुनर्वापराची गोष्ट याहून वाकडी. काजूच्या भट्टीवाल्यांकडे फेणी आजही वापरलेल्या बाटल्यांत भरून मिळते. बाटली धुतली, भरली, पुन्हा गेली. ती शेडवर येतच नाही, म्हणून तिचे वजन शून्य. तुमच्या प्रकल्पाने आणखी दहा भट्टीवाल्यांना बाटल्या मिळवून दिल्या तर शेडवरची काच कमी होईल आणि टनांत मोजणाऱ्याला तुम्ही नापास दिसाल. काच जड असल्यामुळे हा परिणाम मोठा असतो. बिअरच्या एका मोठ्या बाटलीच्या वजनात वेफर्सची शंभरेक रिकामी पाकिटे बसतील. किनाऱ्यावरचा प्रकल्प काच आणि शहाळी यांच्या जोरावर टक्केवारी गाठू शकतो आणि पाकिटांना हातही लावत नाही. इथे नुसता ताळेबंदही अपुरा पडतो, कारण किलो दोन्हीकडे किलोच. म्हणून बाटल्यांसाठी मी नग मोजतो, आणि वर्षातून दोनदा कचरा पसरतो: ढीग चांगला कालवायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेले पुन्हा कालवायचे, नमुना हाताळण्याजोगा होईपर्यंत हेच. अमेरिकन एएसटीएम मानकात हा नमुना ९१ ते १३६ किलोचा धरला आहे. नाताळ-नववर्षाच्या सुमारास एकदा आणि जुलैत एकदा केले की दोन टोके मिळतात. चवथीचा आठवडा टाळावा. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) आणि निर्माल्य यांमुळे चित्र भलतेच येते.

काम किळसवाणे आहे, हे लपवत नाही. हातमोजे आणि मास्क घालूनही संध्याकाळी जेवण जात नाही. डॅशबोर्डवाला तुम्हाला हे करायला सांगणार नाही, त्यामुळे त्याच्याकडे ओढ वाटणे मी समजू शकतो.

देखरेख इथे संपते; मूल्यमापनाचा प्रश्न पुढे उरतो, आणि तो दोन्ही पद्धती आपणहून विचारत नाहीत: तुम्ही नसता तर काय झाले असते? पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, डबे हे भंगारवाला तुमच्या आधीपासून नेत होता. तोच माल आता शेडवर आला तर नवे काही वळले नाही, फक्त वाट बदलली आणि एका माणसाचा धंदा गेला. म्हणून सुरुवातीलाच, शेडचे उद्घाटन होण्याआधी, परिसरातल्या भंगारवाल्यांशी बसून ते काय आणि साधारण किती उचलतात ते लिहून घ्यावे. ते आकडा सहज देत नाहीत. चहा, ओळख आणि कर खात्याशी आपला संबंध नाही हा विश्वास, तिन्ही लागतात. डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर आधारवर्षाचा रकाना असतो, पण तिथे बहुतेक जण शून्य भरतात, आणि शून्यापासून वर जाणारा आलेख नेहमीच देखणा.

याच्याही पलीकडचा प्रश्न झिंक आणि गेयर या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला: पुनर्चक्रित माल बाजारात आला म्हणून नव्या मालाचे उत्पादन खरेच कमी झाले का, की दोन्ही वाढले? पंचायतीच्या पातळीवर हे कुणी मोजू शकेल असे मला वाटत नाही. अहवालात 'नव्या प्लास्टिकची बचत' अशी ओळ मात्र लिहू नये.

कागदावरच्या आकड्यांवर किती विसंबावे याचा धडा २०२३ मध्ये मिळालाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत प्लास्टिक पुनर्चक्रणाची सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे उघड झाली. पोर्टल होते, लॉगिन होते, सगळे होते. आवकीशी जावक ताडून पाहिल्याखेरीज पोर्टलही भाबडेच राहते.

गोव्यात आता आणखी एक गाठ पडणार आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. बाटली किंवा पाकीट परत केले की ठेव परत, अशी ती कल्पना. ती सर्वत्र सुरू झाली की शेडवर येणारा बराचसा विकाऊ माल संकलन केंद्रांकडे जाईल. तुमचा आकडा कोसळेल आणि त्यात तुमचा दोष नसेल. ताळेबंदात हे रकान्यानिशी दाखवता येते: अमुक प्रकार घटला, बाकीचे तसेच. एका टक्केवारीवर उभ्या असलेल्या प्रकल्पाला ते समजावता समजावता नाकी नऊ येतील.

वहीचे दोष दोन. ती एका माणसावर चालते. आमच्याकडे नोंद ठेवणारी बाय बाळंतपणाला गेली आणि ते महिने जवळजवळ कोरे राहिले. दुसरे, पावसात कागद टिकत नाही. म्हणून आता रोजची नोंद वहीत आणि आठवड्याला एकदा साध्या स्प्रेडशीटमध्ये. पैसे देणाऱ्याचा आग्रह असेल तर त्या स्प्रेडशीटमधून डॅशबोर्ड भरतो.

तरीही तुम्ही डॅशबोर्डकडे झुकत असाल, आणि हॉटेल किंवा मोठी कंपनी असाल तर झुकणे गैर नाही, तर विकणाऱ्याला एकच विचारा: बंद झालेल्या महिन्यात खरेदीदाराचे वजन नंतर भरता येते का, आणि भरल्यावर जुना आकडा पुसला न जाता शेजारी दिसतो का? प्रात्यक्षिकात करून दाखवायला सांगा, तोंडी होकार घेऊ नका. हे करून दाखवणारा कुणी भेटला तर मलाही कळवा. वर्गणी परवडणारी असली तर मी पुन्हा विचार करीन.