टपावरच्या प्लायला पावसासाठी काय करावं: ऑईल पेंट, इपॉक्सी, फायबर की फिल्म-फेस?

गाडीच्या टपावरच्या कॅरियरवर टाकलेल्या प्लायचे ठाणे-नवी मुंबईत हाल होतात. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. ऐरोली, वाशी, बेलापूर या बाजूला खाडीची खारी हवा. आणि मे महिन्यात काळा रंग दिलेली फळी उन्हात 65-70 अंशांपर्यंत तापते. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला दहा वर्षं टिकणारा प्लाय इथे दुसऱ्या पावसात पापुद्रे सोडू लागतो.

खालचे सगळे हिशेब 8 बाय 4 फुटी, 12 मिमी प्लायचे आहेत: एक बाजू साधारण 3 चौरस मीटर, कोरं वजन 25 किलोच्या आसपास. गाडी लहान असेल तर त्या प्रमाणात कमी धरा. टपावर किती भार चालतो तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. त्यातून आधी कॅरियरचं आणि फळीचं वजन वजा करायचं, उरेल तेवढंच सामान. कॅरियर नवाच बसवणार असाल तर ठाणे किंवा नवी मुंबई आरटीओत आधी विचारून घ्या, कारण गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चं बंधन आहे.

प्लाय कोणता, हे आधी

एमआर ग्रेडचा, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा कमर्शियल प्लाय टपासाठी घेऊच नका, वरून काहीही लावलं तरी. आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही डिंक न सुटणारा) प्लाय घ्या. या प्रतीच्या डिंकाची चाचणी 72 तास उकळून होते. पण डिंक वॉटरप्रूफ म्हणजे लाकूड वॉटरप्रूफ नव्हे. मरीन प्लायही पाणी पितो, फुगतो, कुजतो. त्याचे थर मात्र सहजी सुटत नाहीत. दुकानात चारही कडा नीट बघा. मधल्या थरांत फटी दिसल्या किंवा बोटाने ठोकल्यावर एखाद्या जागी पोकळ आवाज आला तर ती शीट परत ठेवा. त्या पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही.

पुढचं सगळं कळायला एक छोटी गोष्ट करून बघा. प्लायच्या तुकड्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि दुसरा पॉलिश पेपर मारलेल्या कडेवर. पृष्ठभागावरचा थेंब बराच वेळ फुगीर राहतो. कडेवरचा बघता बघता पसरतो, एक थर सोडून एक थर काळसर पडतो. ज्या थरांतल्या लाकडाच्या बारीक नळ्या कडेला उघड्या पडल्यात ते पाणी आत ओढतात, आडवे थर ओढत नाहीत. टपावरचा प्लाय मरतो तो कडेने आणि बोल्टच्या भोकाने. म्हणून चारही पर्याय मी याच दोन जागांवर तोलतो. वरचा चकचकीतपणा कुणालाही जमतो.

ऑईल पेंट

सर्वांत स्वस्त, आणि कुठल्याही रंगाऱ्याला येणारं काम. वूड प्रायमरचा एक हात, लांबी, घासणी, मग सिंथेटिक एनॅमलचे दोन हात. दोन्ही बाजू मिळून सव्वा ते दीड लिटर एनॅमल लागतं. लांबी फक्त खिळ्याच्या खुणांपुरती भरा. पाण्यात विरघळणारी भिंतीची पुट्टी कडेला भरली तर ती आतल्या आत मऊ होते आणि वरचा रंग सालीसारखा निघतो.

एनॅमल जसजसं जुनं होतं तसतसं कडक होतं. प्लाय मात्र पावसात फुगतो, उन्हात आक्रसतो. मग कडेच्या कोपऱ्यावर केसाएवढी चीर पडते आणि तिथून पाणी जातं. दरवर्षी मे महिन्यात घासून एक हात द्यायची तयारी असेल, किंवा फळी वर्ष-दीड वर्षापुरतीच हवी असेल, तर हा पर्याय रास्त आहे. त्यापुढे नाही.

इपॉक्सी आणि वर पीयू

बहुतेकांना मी हेच सुचवेन. इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून लावायचा द्रव, लाकडात मुरते, कडेच्या नळ्या बंद करते आणि वजन फक्त तीन किलोंच्या आसपास वाढवते. घरच्या पार्किंगमध्ये करता येते, पण घाई चालत नाही.

प्लाय आधी कोरडा हवा, ओलावा 12 टक्क्यांच्या आत. मीटर नसेल तर शीट पट्ट्यांवर उभी करून पंख्याखाली ठेवा आणि रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की झालं. कडा 3 मिमी गोल करून घ्या, कारण टोकदार कोपऱ्यावरून कुठलाही रंग मागे सरकतो आणि थर तिथेच पातळ पडतो. मग फळी अर्धा तास उन्हात तापवून सावलीत आणा आणि लगेच पहिला हात द्या. थंड होताना लाकडातली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. उलट केलंत, म्हणजे सावलीत लावून उन्हात नेलंत, तर आतली हवा फुगून टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे येतात. त्यातला प्रत्येक बुडबुडा फुटला की पाण्याला वाट मिळते.

एकूण तीन हात, दोन्ही बाजू आणि कडा मिळून अडीच ते तीन किलो. कडेला पहिल्या हाताच्या वेळीच लागोपाठ दोन-तीनदा लावा, ती पीतच राहते. खालची बाजू दिसत नाही म्हणून सोडू नका. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी राहिली की फळी पापडासारखी वळते. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या. तिथे वजनाचं प्रमाण दिलंय की मापाचं, तेही बघा. जास्त हार्डनरने लवकर सुकत नाही, उलट फळी कायमची चिकट राहते. एका वेळी 200-250 ग्रॅमच कालवा. उन्हाळ्यात मोठा डबा कालवला तर तो हातातच तापून दगड होतो.

आधीचा हात चिकट असतानाच पुढचा दिला तर घासावं लागत नाही. रात्र गेली तर मेणकट थर आलाय का ते हात फिरवून बघा, दमट हवेत तो हमखास येतो. आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मगच 180 नंबरचा पेपर मारा. न धुता घासलं तर तो मेणकटपणा खोल चोळला जातो आणि पुढचा हात पकड घेत नाही. हे काम ऑक्टोबर ते मे या काळातच करा.

नुसती इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळी पडते आणि खडूसारखी भुकटी सुटते. दोन-तीन दिवस पक्की होऊ द्या, 220 ने घासा आणि वरच्या बाजूला व कडांना टू-पॅक पीयूचे, म्हणजे दोन डब्यांतून कालवायच्या पॉलियुरेथेन रंगाचे, दोन हात द्या. एक लिटर पुरतं. रंग पांढरा किंवा फिका राखाडीच घ्या. घरगुती तापमानाला पक्की झालेली इपॉक्सी 50-60 अंशांपुढे मऊ पडू लागते, त्यामुळे काळ्या रंगाखाली ती मेच्या उन्हात तग धरत नाही. पीयूचा हार्डनर छातीला घातक असतो. मोकळ्या हवेत काम करा आणि कार्ट्रिजचा मास्क लावा, कापडी नाही.

फायबर

रबाळे-महापेपासून तुर्भ्यापर्यंतच्या एमआयडीसी पट्ट्यात फायबरचं काम, म्हणजे काचतंतूंची मॅट रेझिनमध्ये भिजवून प्लायवर चढवणं, करून मिळतं. घासटण सोसण्यात याच्या जवळ कुणी येत नाही. शिड्या, पाईप, मंडपाचे बांबू रोज ओढायचे असतील तर हेच. पण वजन बघा: 450 जीएसएम (चौरस मीटरला 450 ग्रॅम) मॅटच्या एका थराला मॅट 1.35 किलो आणि रेझिन तीन ते साडेतीन किलो. दोन थर दिले की नऊ किलोंच्या वर भर पडते.

इथे एक गोष्ट वर्कशॉपवाला सहसा आपणहून सांगत नाही. साधं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, आणि सुकताना आक्रसतं. गुळगुळीत प्लायवर थापलं तर दोन-तीन वर्षांनी फायबरचा अख्खा पत्रा सुटतो, आणि खाली साचलेल्या पाण्यात प्लाय गुपचूप कुजतो. वरून सगळं ठीकच दिसतं. म्हणून समोर उभं राहून करून घ्या: 60 नंबरने खरबरीत घासणं, स्टायरीन घालून पातळ केलेल्या रेझिनचा पहिला हात, तो चिकट असतानाच मॅट, आणि मॅट कडेवरून वळवून खाली निदान 50 मिमी. पांढुरके डाग दिसले तर तिथे मॅट कोरडी आहे, रोलर पुन्हा फिरवायला सांगा.

स्वतः करणार असाल तर रेझिन कडक करायला घालतात ते कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, कॅटॅलिस्ट शेवटी. मेच्या उकाड्यात कॅटॅलिस्ट 1 टक्का पुरतं.

इपॉक्सी आणि फायबर दोन्हींचं बळ हवं असेल तर इपॉक्सीत 200 जीएसएमचं विणलेलं काचकापड बसवा. साधी मॅट इपॉक्सीत वापरू नका. तिच्यातला चिकटा स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट ताठच राहते.

फिल्म-फेस प्लाय

स्लॅबच्या शटरिंगचा तपकिरी, गुळगुळीत प्लाय. फिनॉलिक फिल्म कारखान्यातच चढवलेली, त्यामुळे पृष्ठभागावर काही करायची गरज नाही. दोन दिवसांत काम उरकायचं असेल तर उत्तम. मात्र कापलेली प्रत्येक कड आणि पाडलेलं प्रत्येक भोक उघडंच असतं. त्यांना इपॉक्सीचे तीन हात हवेतच. ओल्यावर पाय सटकतो. टपावर चढायचं असेल तर बसच्या तळाला वापरतात तो खरबरीत चेकर्ड प्लाय मागा. आणि फिल्मवर पुढे रंग द्यायचा विचार असेल तर हा पर्याय सोडा, पकड मिळत नाही.

भोकं आणि बसवणी

हे चारही पर्यायांना लागू. एम6 बोल्टसाठी आधी 10 मिमीचं भोक पाडा, खालून टेप लावा, बारीक लाकडाचा भुसा कालवलेली घट्ट इपॉक्सी भरा, एक दिवस थांबा आणि त्याच्या मधोमध 6.5 मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती इपॉक्सीची नळी आहे, पाणी आलं तरी लाकडाला लागत नाही. बोल्ट स्टेनलेसचे, खाडीजवळ 316 या खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या प्रतीचे. वॉशरखाली रबर. कॅरियर अॅल्युमिनियमचा असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

फळी आणि कॅरियरच्या नळ्यांच्या मध्ये 10-12 मिमी जाडीचे रबरी तुकडे ठेवा, म्हणजे खालून वारा खेळतो. मागच्या बाजूला किंचित उतार द्या. वर रबरी मॅट अंथरू नका. तिच्याखाली ओल आठवडाभर राहते. घोडबंदर पट्ट्यात झाडाखाली उघड्यावर गाडी उभी राहत असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला पाला काढा.

मे महिन्यात एकदा बोल्टच्या आजूबाजूला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. आवाज भद्द झाला किंवा काळं वर्तुळ दिसलं तर तो बोल्ट काढा. लाकडात नख रुतत नसेल तर चार-पाच दिवस सुकवून, भोक मोठं करून पुन्हा इपॉक्सी भरा. नख आत जात असेल तर तो कोपरा गेला. वरून लांबी भरून पावसात पाठवू नका, फळी बदला.