जुन्या टगला पाच व्होल्ट कुठून द्यायचे: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सेकंडहँड आरसी टग (रिमोटवर चालणारी टगबोटीची प्रतिकृती) घेतली त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला. हल (बोटीचा सांगाडा), मोटर, शाफ्ट यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. राग आहे तो मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या पोटात बसवलेल्या बीईसीवर, म्हणजे मोटरच्याच बॅटरीतून रिसीव्हरला पाच व्होल्ट काढून देणाऱ्या भागावर, आणि हे लिहायला बसलोय तेही त्याच्यामुळेच. जुनी बोट घेताना लोक बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची) आणि मोटर कुठली एवढंच विचारतात. रिमोटचे सिग्नल झेलणाऱ्या रिसीव्हरचे पाच व्होल्ट कुठून येतात हे कोणी विचारत नाही.

बोट वास्कोच्या एका निवृत्त मरीन इंजिनिअरांकडून घेतली. मीटरभर लांब, साधी ब्रश मोटर, आणि यूपीएसमध्ये असते तीच 12 व्होल्ट 7 एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी. हलकी लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी टाका असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. पण टगला वजन लागतंच. दोन किलोच्या वरची ही बॅटरी तळाशी असते म्हणून बोट वॉटरलाइनपर्यंत नीट बसते. लायपो घातली तर तेवढं शिसं वेगळं आणून भरा. हलकेपणाचे पैसे मोजायचे आणि वर वजनही विकत घ्यायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

जुना कंट्रोलर गंजला होता, म्हणून नवा मागवला. मयेच्या तळ्यात पर्यटकांच्या बोटी सुरू होण्याआधी सकाळी जायचो. पंधरा-वीस मिनिटं झकास चालायची, मग अचानक रडर (सुकाणू) मेलेला, मोटर बंद, आणि बोट वारा नेईल तिकडे. पाचेक मिनिटांनी आपोआप जिवंत व्हायची. घरी टेबलावर मात्र कितीही वेळ चालवा, काही होत नाही. भाचा म्हणाला, "मामा, रेंजचा प्रॉब्लेम असेल." पण बोट काठापासून दगड मारता येईल एवढ्या अंतरावर असतानाही हेच व्हायचं.

वॉरंटीत कंट्रोलर परत पाठवला. विक्रेत्याने 'टेस्टेड ओके' असा शेरा मारून तो तसाच परत धाडला आणि कुरिअरचा खर्च माझ्या माथी मारला. फोनवर उत्तर मिळालं, "सर, कंट्रोलर एकदम ओके आहे, तुमचा रिसीव्हर गेलाय." टेस्टिंग कुठल्या बॅटरीवर केलं असं विचारलं, तर म्हणे टू-सेल लायपोवर. सगळी गोम तिथेच होती.

हा बीईसी लिनिअर जातीचा. जास्तीचे व्होल्ट तो उष्णता करून जाळतो. टू-सेल लायपोचे 7.4 व्होल्ट आले तर 5 व्होल्टला आणताना 2.4 व्होल्ट जळतात. रिसीव्हर, सर्व्हो (रडर फिरवणारी छोटी मोटर) आणि दिवे मिळून माझ्या बोटीत 0.8 अँपिअरच्या आसपास ओढतात, म्हणजे दोन वॅटलाही कमीच. भरलेली लेड-अ‍ॅसिड मात्र 12.8 व्होल्टच्या घरात असते. तिथे 7.8 व्होल्ट जाळायचे, म्हणजे सव्वासहा वॅट, आणि तेही नखाएवढ्या चिपमध्ये, बंद डेकखाली, गोव्याच्या मे महिन्यात. चिप तापली की स्वतःला वाचवायला बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. डेक उघडल्या उघडल्या कंट्रोलरवर हाताचं बोट टेकवलं तर एक क्षणही ठेवता येत नव्हतं. मोटरसाठी 12 व्होल्ट चालतात म्हणून खोक्यावर 12 व्होल्ट छापायचे, शेजारी 'बीईसी 2 अँपिअर' छापायचे, आणि ही दोन्ही एकत्र चालणार नाहीत हे कुठेच सांगायचं नाही. याला मी फसवणूकच म्हणतो.

मूळ मालकांचा सल्ला होता, रिसीव्हरला चार निकेल सेलचा वेगळा डबा द्या. 4.8 व्होल्ट, मोटरच्या बॅटरीशी संबंध नाही. पावसाळ्याआधी मी हा उपाय सगळ्यांना सांगत सुटलो होतो, कारण त्यावर बोट खरंच छान चालली. आता माझं मत बदललंय. पावसाळ्यानंतर डबा उघडला तर स्प्रिंगांवर हिरवट थर, आणि सेल भरलेले असूनही सर्व्हो हलला की व्होल्टेज कोसळायचं. 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर अशा वेळी रीसेट होतो. शिवाय दोन बॅटऱ्या म्हणजे चार्जिंग दोनदा, आणि दोन्हींतली कुठलीही एक संपली तरी बोट मधेच अडकणार. विमानात वेगळी रिसीव्हर बॅटरी असावी हे मान्य, इंजिन बंद पडलं तरी ते उतरवता येतं. टगची मोटर थांबल्यावर नुसता रडर फिरवून काय होणार?

शेवटी स्विचिंग यूबीईसी, म्हणजे कंट्रोलरबाहेरचा स्वतंत्र बीईसी घेतला, 5 व्होल्ट 3 अँपिअरचा. त्याच लेड-अ‍ॅसिडवर जोडला, बॅटरीजवळ फ्यूज टाकला, आणि त्याचा विद्युत नॉइज रिसीव्हरमध्ये शिरू नये म्हणून त्याला हलच्या दुसऱ्या टोकाला चिकटवला. हा जास्तीचे व्होल्ट जाळत बसत नाही, त्यामुळे जेमतेम कोमट होतो. एक गोष्ट मात्र विसरू नका: कंट्रोलरच्या प्लगमधली, त्याच्या बीईसीचे पाच व्होल्ट आणणारी लाल वायर काढायची. टाचणीने प्लास्टिकची जीभ किंचित उचलली की पिन सरकून बाहेर येते. तिच्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आक्रसणारी नळी) चढवून ती मागे बांधून टाकायची. काळी आणि सिग्नलची वायर तशीच राहू द्यायची. नाहीतर दोन पाच-व्होल्टवाले एकमेकांशी भांडत बसतात.

वाईट याचं वाटतं की कुरिअरला घातलेल्या पैशात हा यूबीईसी आला असता आणि वर सुटे पैसे उरले असते. 12 व्होल्टची बोट घेताय तर कंट्रोलरमधला बीईसी नाहीच असं समजून यूबीईसीचे पैसे आधीच बाजूला काढा.

बॅटरीबद्दल थोडक्यात: अर्धवट उतरवून ठेवू नका, प्लेटांवर सल्फेट धरतं. पावसाळ्यात बोट बंद असली तरी महिन्यातून एकदा चार्ज करा, आणि तेही बॅटरी हलमधून बाहेर काढून, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो. मांडवीच्या खाऱ्या पाण्यात मी ही बोट घालत नाही, वायरी आतून काळ्या पडतात.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीत विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत नौका सोडतात, तेव्हा ही टगही पाण्यात उतरवायचा विचार आहे. त्यासाठी दिव्यांच्या माळा आणि सर्चलाइट वाढवतोय. ते मात्र यूबीईसीवर टाकणार नाही. 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्या थेट बॅटरीवर, वेगळ्या फ्यूजने, आणि स्विच डेकवर.