दोन ऑफर आणि एकच लॅपटॉप: कोणाची टेस्ट चालवायची?

अमळनेरचा एक मुलगा दोन वर्षांपासून फ्रीलान्स काम करतो. परवा तो जळगावला माझ्याकडे आला, लॅपटॉप उघडून दोन ऑफर दाखवल्या आणि म्हणाला, "दादा, कोनतं लेऊ?"

पहिली पुण्यातल्या एका लहान कंपनीची. तीन महिन्यांचं बिलिंगचं काम, ९० हजार रुपये. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि मेलमध्ये पोराचं आडनावही चुकलेलं. दुसरी लिंक्डइनवरून आलेली. परदेशी ब्लॉकचेन प्रकल्प, महिन्याला ४,००० डॉलर, बोलणं गोड, कधीही मेसेज टाका, दहा मिनिटांत उत्तर हजर. त्याचं मन दुसरीकडे ओढ घेत होतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण तत्परता हा खरेपणाचा पुरावा नव्हे. खऱ्या कंपनीत माणसं कामात अडकलेली असतात, मेल राहून जातात. फसवणाऱ्याला दुसरं काम नसतं.

म्हणून पगार आणि बोलणं बाजूला ठेवून दोघं कोडिंगच्या टेस्टसाठी काय मागतात एवढंच पाहिलं. पुणेकरांना तासाभराचा व्हिडिओ कॉल हवा होता. ब्राउझरमधल्या एडिटरवर जीएसटीच्या हिशेबाचं एक फंक्शन लिहायचं आणि लिहिताना विचार बोलून दाखवायचा. दुसऱ्यांनी बिटबकेटची, म्हणजे कोड ठेवायच्या एका साइटची, लिंक दिली होती. प्रोजेक्ट उतरव, एनपीएम इन्स्टॉल कर (म्हणजे त्याला लागणारी तयार पॅकेजेस उतरवून बसव), चालव, लॉगिनमधली चूक काढ, सगळं दोन तासांत. एकाला त्याचा कोड बघायचा होता, दुसऱ्याला स्वतःचा कोड त्याच्या मशीनवर चालवून घ्यायचा होता. माझ्या मते निर्णयाचा सगळा भार या फरकावर आहे.

ही भीती हवेतली नाही. पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या पथकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर कोरियाशी जोडलेली अशीच मोहीम उघड केली आणि तिला 'कंटेजियस इंटरव्ह्यू' असं नाव दिलं. नोकरीच्या टेस्टमधून बीव्हरटेल नावाचा कोड मशीनवर उतरतो, ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटची माहिती उचलतो, मग इनव्हिजिबल फेरेट नावाचं मागचं दार उघडून ठेवतो. त्याच वर्षी जुलैत कॉइन्सपेड या कंपनीचे सुमारे ३.७ कोटी डॉलर गेले. सुरुवात एका कर्मचाऱ्याला आलेल्या खोट्या नोकरीच्या मुलाखतीपासून झाली होती. टेस्टसाठी म्हणून त्याने एक सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं.

आपल्याकडचा मुलगा म्हणतो, माझ्याकडे कुठे क्रिप्टो आहे? पण त्याच्या लॅपटॉपवर धुळ्याच्या जिनिंगच्या सर्व्हरची एसएसएच की, म्हणजे आत शिरायची डिजिटल किल्ली, असते, जळगावच्या डाळमिलचा डेटाबेस पासवर्ड असतो, सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचं होस्टिंग असतं. फ्रीलान्सरचं मशीन फुटलं तर विश्वासाने किल्ल्या देणाऱ्या या माणसांची दारंही उघडी पडतात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता उलट बाजू. घरी करायला रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं अख्खं फोल्डर, देणाऱ्या चांगल्या कंपन्याही आहेत, त्यामुळे लिंक आली की चोर असं म्हणता येत नाही. अशा वेळी सरळ विचारायचं: "हे मी गिटहब कोडस्पेसेसवर केलं तर चालेल का?" कोडस्पेसेस म्हणजे ब्राउझरमधून वापरायचं गिटहबच्या सर्व्हरवरचं मशीन, कोड तिथे चालतो, आपल्या लॅपटॉपवर नाही. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतलं वेगळं बंदिस्त मशीन) कुथत चालवण्यापेक्षा हे सोपं. खरी कंपनी सहसा "चालेल की" म्हणते. जो स्वतःच्याच मशीनचा, वॉलेट जोडलेल्याच ब्राउझरचा आग्रह धरतो, त्याने उत्तर दिलेलंच असतं.

चालवण्याआधी वाचायचंही असतं. प्रोजेक्टच्या पॅकेज डॉट जेसन या यादीच्या फाइलमध्ये प्रीइन्स्टॉल किंवा पोस्टइन्स्टॉल दिसलं तर ते काय करतं ते बघा. ती स्क्रिप्ट इन्स्टॉलच्या वेळीच चालते, प्रोजेक्ट सुरू व्हायची वाट पाहत नाही. एनपीएमच्या 'इग्नोर-स्क्रिप्ट्स' पर्यायाने ती रोखता येते, पण प्रोजेक्टच्या मूळ कोडमध्येच विष असेल तर तो पर्याय उपयोगाचा नाही. व्हीएस कोड हा एडिटर फोल्डरवर विश्वास ठेवू का असं विचारतो तेव्हा सवयीने होकार देऊ नका, कारण फोल्डर उघडताच काम सुरू करणारी फाइल आत असू शकते. आणि एडिटरमध्ये वर्ड रॅप चालू ठेवा, म्हणजे लांब ओळ दुमडून पूर्ण दिसते. ओळीच्या शेवटी शेकडो रिकाम्या जागा सोडून पार उजवीकडे कोड लपवण्याची पद्धत आहे, नुसत्या नजरेला तो दिसत नाही.

कॅमेरा चालत नाही, ही कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट करा असं मुलाखतीत कोणी म्हणालं, तर कॉल बंद करायचा. नोंदणी फी किंवा लॅपटॉपसाठी डिपॉझिट मागितलं तरी तेच. अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर ओळख झालेला माणूस कॉन्ट्रॅक्टआधीच टेलिग्रामवर बोलावत असेल तर तो तिथला नियम मोडतो आहे, आणि तुमचं एस्क्रोचं (पैसे आधीच साइटकडे ठेवण्याचं) संरक्षणही काढून घेतो आहे.

कोणी आधीच चालवून बसलं असेल तर नेट तोडा. दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, एसएसएच की आणि टोकन रद्द करा, लॅपटॉप पूर्ण पुसून नव्याने बसवा. लाज न धरता ग्राहकांना त्याच दिवशी फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा.

पुण्याच्या कंपनीचं नाव आम्ही कंपनी मंत्रालयाच्या साइटवर पाहिलं, जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला. दोन्ही जुळले. तरी ही ऑफर निर्दोष नव्हती. पैसे काम संपल्यावर ४५ दिवसांनी मिळणार होते, आणि तीन महिने उधारीवर राबणं हा नव्या फ्रीलान्सरसाठी मोठा धोका आहे. दुसऱ्या ऑफरवाल्यांना त्याने कोडस्पेसेसचं विचारलं. उत्तर दहा मिनिटांतच आलं: नाही, स्वतःच्याच मशीनवर, आणि आजच. आम्ही ती लिंक उघडलीच नाही.

पुणेकरांकडे त्याने ३० टक्के आगाऊ मागितले. ते २० टक्क्यांवर आले, बाकीचे दर महिन्याला द्यायचं ठरलं. करार चार दिवसांनी आला, आडनाव दुरुस्त करून.